चौल–रेवदंड्याच्या मिशनशाळा : पाठक्रमाची चिकित्सा

कोंकणांतील मिशनशाळांविषयीं आजवर ज्यांनीं लिहिलें, त्यांचे ढोबळ मानानें दोन पक्ष पडतात. या शाळांनीं अज्ञानाच्या अंधारांत ज्ञानाचा पहिला दिवा लाविला, असें एक पक्ष म्हणतो. शाळा हें केवळ निमित्त, धर्मांतर हाच खरा पाठक्रम, असें दुसरा पक्ष म्हणतो. दोन्ही पक्षांचा आवेश मोठा आहे. परंतु दोघांच्या लेखांखालचा आधार तपासूं गेलें असतां एक चमत्कारिक गोष्ट दिसून येते. दोघेहि एकाच साक्षीदारावर विसंबले आहेत, आणि तो साक्षीदार म्हणजे मिशनऱ्यांनीं आपल्या वरिष्ठांकडे धाडलेले वार्षिक अहवाल. एकानें ते भक्तिभावानें वाचले, दुसऱ्यानें रोषानें वाचले. पण चिकित्सेनें कोणींच वाचले नाहींत. बखरीला जो न्याय आपण लावितों, तोच या अहवालांस लाविल्यावांचून शाळांतील पाठक्रमाविषयीं निर्णय देणें आम्हांस उतावळेपणाचें वाटतें. म्हणून प्रस्तुत लेखांत आम्ही कुलाबा म्हणजे हल्लींच्या रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील शाळा, त्यांतहि मुख्यत्वें चौल, रेवदंडा व अलिबाग या पट्ट्यांतील अमेरिकन मिशनच्या शाळा घेऊन, त्यांचा पाठक्रम कागदावर काय होता आणि मुलाच्या पदरांत काय पडलें, यांतील अंतर दाखविण्याचें योजिलें आहे.

प्रथम स्थळकाळाची मर्यादा सांगतों. गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी १८१३ च्या फेब्रुवारींत मुंबईस उतरले. पुढील कांहीं वर्षांत त्यांच्या मिशननें मुंबईंत मराठी शाळा घातल्या. नंतर ठाणें व दक्षिणेकडे चौल–रेवदंड्यापर्यंतच्या किनाऱ्यावर शाळांचें जाळें पसरलें. त्याहि खालीं, सावित्रीच्या मुखाशीं बाणकोटास, १८२३ सालीं स्कॉटिश मिशनरी आले. त्या वेळीं या किनाऱ्यावर एकछत्री राज्य नव्हतें. १७४० त पोर्तुगिजांकडून मराठ्यांकडे गेलेलें रेवदंडें १८१८ त पेशवाईबरोबर इंग्रजांकडे आलें; चार कोसांवरचें अलिबाग मात्र १८४० पर्यंत आंग्र्यांच्या गादीखालीं होतें; दंडा–राजपुरीच्या बाजूस जंजिऱ्याच्या हबशाचा अंमल चालत होता. सरकारी शाळाखातें या किनाऱ्यावर पाय रोवण्यापूर्वींचा हा काळ आहे, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

आतां अहवालांकडे वळूं. अहवाल लिहिणारा रेवदंड्याच्या माडांच्या सावलींत बसला असला, तरी त्याचा वाचक बोस्टन शहरीं होता. तो वाचक वर्गणी देणारा होता. त्यास शाळा किती, मुलें किती, दहा आज्ञा किती जणांस मुखोद्गत, प्रश्नोत्तरावली किती जणांनीं संपविली, हें कळावयास हवें होतें. त्रैराशिक किती जणांस आलें, याचें त्यास सोयरसुतक नव्हतें. म्हणून अहवालांत धर्मपाठांची गणती बारकाईनें येते आणि हिशेबाचा विषय एका ओळींत उरकतो. अहवाल खोटे आहेत असें आम्ही म्हणत नाहीं. देणगी देणाऱ्यापुढें ठेवलेला हिशेब आणि दुकानांतील रोजकीर्द यांत जें अंतर असतें, तेंच येथें आहे. ज्या लेखकानें अहवालांतील जागेच्या प्रमाणावरून शाळेंतील वेळेचें प्रमाण काढिलें, तो या ठिकाणीं चुकला आहे.

मग शाळेंत प्रत्यक्ष शिकवीत काय? अहवालांत एकत्र बांधलेले जिन्नस सोडवून पाहिले असतां त्यांचे दोन वांटे होतात. पहिला वांटा जुन्या पंतोजीच्या शाळेंतून जसाच्या तसा आलेला : धुळाक्षरें, मुळाक्षरें, बाराखड्या, उजळणी, पावकी–निमकीपासून औटकीपर्यंतचे पाढे, आणि लेखन. दुसरा वांटा मिशनचा : छापील पुस्तकाचें वाचन, दहा आज्ञा, प्रार्थना, ख्रिस्ती धर्माची प्रश्नोत्तरावली आणि शुभवर्तमानांतील उतारे. पहिला वांटा बापाला हवा होता, दुसरा मिशनऱ्याला. पोरगा उद्यां नारळ–सुपारीच्या वखारींत, मिठागरावर, तेलाच्या घाण्यावर किंवा गलबतावर उभा राहील, तेव्हां त्यास पावणेचार आण्यांच्या भावानें साडेसात शेरांचे पैसे बोटांवर सांगतां आले पाहिजेत, ही बापाची अपेक्षा. ती पुरी न होईल तर मुलगा दुसरे दिवशीं येणार नाहीं, हें मिशनरी जाणून होता. तेव्हां शाळेचा पाठक्रम हा एका पक्षानें लादलेला हुकूम नसून, दोन पक्षांत रोजच्या रोज होणारा तह होता. तहनाम्याची मूळ प्रत दोन्ही पक्षांच्या दप्तरीं असावी लागते. आपण केवळ एका दप्तराची नक्कल वाचून निकाल देत आलों.

या तहांतील मध्यस्थ म्हणजे शिक्षक. तो बहुधा ख्रिस्ती नव्हता. मिशनपाशीं ख्रिस्ती झालेलीं माणसें बोटांवर मोजण्याइतकीं, आणि शाळा मात्र पुष्कळ. त्यामुळें हिंदु पंतोजी व बेने इस्राएल मास्तर यांच्याच हातीं शाळा द्याव्या लागल्या. ज्याची या धर्मावर श्रद्धा नाहीं, त्याच्याकडून त्या धर्माचे पाठ म्हणवून घ्यावे कीं काय, हा वाद मिशनऱ्यांच्या आपसांत पुष्कळ वर्षें चालला. या वादाचें महत्त्व पाठक्रमाच्या अभ्यासकास फार आहे. प्रश्नोत्तरावली शिकविणारा मास्तर ती कोणत्या सुरांत शिकवीत असेल, कोठें थांबत असेल, कोठें भराभर पुढें जात असेल, हें छापील पानावरून कळत नाहीं. शिवाय रीत तीच जुनी घोकणीची. पाढे जसे सामुदायिक सुरांत म्हणावयाचे, तसेच प्रश्न व उत्तरेंहि. मिशनऱ्यांनीं पंतोजीच्या घोकंपट्टीस नांवें ठेविलीं खरीं. पण आपली प्रश्नोत्तरावली त्यांनीं त्याच घोकंपट्टीच्या गाड्यावर चढविली. विषय नवा आणि पद्धति जुनी, ही या पाठक्रमांतली मूळ विसंगति होय.

आतां विद्यार्थ्यांकडे येऊं. कारण या किनाऱ्याचें वैशिष्ट्य तेथेंच आहे. अष्टागर व आसपासच्या गांवांत बेने इस्राएल लोकांची जुनी वस्ती. आपले पूर्वज नवगांवच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटून आले, अशी त्यांची परंपरागत कथा. तेल गाळण्याचा धंदा व शनिवारीं घाणा बंद, म्हणून लोकांत त्यांस ‘शनवार तेली’ हें नांव. आडनांवें गांवांवरून : केहिमकर, चेऊलकर, नवगांवकर, राजपूरकर, दिवेकर. नांवांनींहि कोंकणी वळण घेतलेलें. शमुवेलाचा समाजी आणि यहेज्केलाचा हसाजी झालेला. सण, सुंता, शब्बाथ व ‘शेमा’ची प्रार्थना हें त्यांनीं पिढ्यान्‌पिढ्या जतन केलें होतें; परंतु हिब्रू ग्रंथांचें वाचन व त्यांचा अर्थ त्यांच्यांतून बहुतेक लुप्त झाला होता.

अशा घरांतील मुलगा मिशनशाळेंत गेला आणि त्याच्या पुढ्यांत मराठी पुस्तक आलें, तेव्हां काय घडलें याचा विचार करावा. पुस्तकांत अब्राहाम होता, मोशे होता, दावीद होता. ज्यानें हें पुस्तक छापिलें, त्याच्या दृष्टीनें या साऱ्या कथा पुढें येणाऱ्या ख्रिस्ताच्या पायऱ्या होत्या. हिंदु मुलाच्या दृष्टीनें त्या परक्या देशाच्या गोष्टी होत्या. परंतु बेने इस्राएल मुलास त्या पानांत आपल्या आज्याचें नांव सांपडलें. अलिबागजवळ खंडाळें गांवीं एका कातळावर एलियाहू हनाबीच्या रथाची खूण आहे, असें त्याच्या घरचीं माणसें मानीत व तेथें नवस फेडीत. त्याच एलियाहूची गोष्ट आतां त्यास बाळबोध अक्षरांत वाचावयास मिळाली. पाठक्रम एकच, वर्ग एकच, पण तीन पाटांवर बसलेल्या तीन मुलांनीं तीन निराळे ग्रंथ वाचले. पाठक्रमाची परीक्षा योजकाच्या हेतूवरून करणारांनीं हा भेद विचारांत घेतलाच नाहीं.

या बाबतींत प्रतिपक्षाची साक्ष उपलब्ध आहे, ही समाधानाची गोष्ट होय. हाईम शमुवेल केहिमकर (१८३०–१९०९) यांनीं आपल्या समाजाचा इंग्रजी इतिहास १८९७ त लिहून पुरा केला. तो त्यांच्या मृत्यूनंतर १९३७ सालीं तेल अवीव येथें छापून प्रसिद्ध झाला. या ग्रंथांत ते अमेरिकन मिशनरी व डॉ. जॉन विल्सन यांचे उपकार मोकळ्या मनानें मानतात. विल्सन १८२९ त आले, त्यांनीं प्रथम बाणकोट–हर्णैच्या बाजूस राहून मराठी आत्मसात केली, आणि १८३२ त हिब्रू व्याकरणाचीं मूलतत्त्वें मराठींत छापून काढिलीं. उद्देश धर्मप्रसाराचा खराच. पण हातीं आलें तें मराठींतून हिब्रू शिकण्याचें साधन.

केहिमकरांची साक्ष आम्ही मोलाची मानतों, तरी तीहि तावून सुलाखून घ्यावयास पाहिजे. ते स्वतः शाळा चालविणारे होते. १८७५ त मुंबईंत आपल्या समाजाच्या मुलांकरितां शाळा उघडण्यांत त्यांचा पुढाकार होता. ज्यास इंग्रज वाचकांपुढें आपल्या समाजाची प्रगति मांडावयाची आहे, त्याची लेखणी उपकारकर्त्यांविषयीं थोडी मऊ चालणारच. शिवाय धर्मजागृतीचें सगळें श्रेय मिशनशाळांस देणें इतिहासास धरून होणार नाहीं. मुंबईंतील पहिलें सिनेगॉग १७९६ चें, म्हणजे मिशनरी येण्याच्या सतरा वर्षें आधींचें. आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत कोचीनकडून आलेल्या यहुदी उपाध्यायांनीं कोंकणांत विधि व प्रार्थना शिकविल्या, हेंहि प्रसिद्ध आहे. रेवदंड्याचें सिनेगॉग १८४२ चें व अलिबागेचें १८४८ चें. या दोहोंच्या पायांत मिशनशाळेची वीट किती आणि कोचीनच्या उपाध्यायांची किती, याचा वांटा करणें कठीण आहे. आम्ही एवढेंच म्हणतों कीं, उपाध्यायांनीं विधि दिला आणि शाळेनें वाचक दिला. वाचकावांचून पुढील गोष्टी घडत्या ना.

त्या गोष्टी अशा. १८४६ सालीं मुंबईंत हिब्रू मूळ व मराठी अर्थ अशी वल्हांडणाची हग्गादा शिळाछापावर निघाली. १८७४ त पुण्यास दुसरी निघाली. योसेफ यहेज्केल राजपूरकर (१८३४–१९०५), ज्यांच्या आडनांवांत आमच्याच किनाऱ्यावरील राजपुरी गांव आहे, त्यांनीं मुंबईंतील डेव्हिड ससून यांच्या शाळेचें मुख्याध्यापकत्व करीत हिब्रू प्रार्थनाग्रंथ एकामागून एक मराठींत आणिले. आणि १८८० च्या सुमारास या समाजांत हरिदासी थाटाचीं कीर्तनें सुरू झालीं. पूर्वरंग–उत्तररंगाचा सांचा आपल्याकडचा, साकी–दिंडीच्या चाली आपल्याकडच्या, आणि आख्यान जुन्या करारांतलें. मिशनशाळेंत धर्मांतरासाठीं घातलेला धडा दोन पिढ्यांनीं सिनेगॉगाच्या मंडपांत झांज–पेटीवर गाइला गेला. बेने इस्राएलांपैकीं ख्रिस्ती झालेले अगदीं थोडे. पाठक्रमाच्या इतिहासांत योजकाचा हेतु व फळ यांची एवढी फारकत झाल्याचें दुसरें उदाहरण महाराष्ट्रांत क्वचितच सांपडेल.

एवढ्यावरून हा पाठक्रम उत्तम होता असें ठरत नाहीं. त्याचे दोष आम्हांस स्पष्ट दिसतात. पहिला दोष लिपीचा. मिशनचीं पुस्तकें मुख्यतः बाळबोध; परंतु घरचा, पेढीचा व कचेरीचा सारा व्यवहार मोडी. पुस्तक वाचतां येणाऱ्या मुलास बापाचें गहाणखत वाचावयास पुन्हां मोडी घोटावी लागे. दुसरा दोष वाङ्मयाचा. मराठी भाषा शिकवावयाची आणि मराठींतील ओवी, अभंग, आर्या यांस दाराबाहेर ठेवावयाचें, ही गोष्ट भाषाशिक्षणाच्या दृष्टीनेंहि घातक होती. भाषांतरित गद्याच्या ठेंचा खात मुलगा वाचावयास शिकला. त्याच्या आईच्या जात्यावरील भाषा त्यास शाळेंत भेटली नाहीं. तिसरा दोष स्थळाचा. टॉलेमीनें ज्या बंदराची नोंद केली, रशियाचा निकितीन पंधराव्या शतकांत जेथें उतरला, पोर्तुगिजांनीं दोन शतकें जेथें तट राखिले, त्या चौलाच्या भग्न भिंतीशेजारीं बसून मूल यार्देन नदीचें नांव शिकलें आणि कुंडलिकेच्या मुखावरील कोर्लईच्या किल्ल्याविषयीं एक अक्षर शिकलें नाहीं. पण न्यायबुद्धीनें सांगावयाचें तर हा तिसरा दोष पंतोजीच्या शाळेंतहि तितकाच होता. आपल्या गांवचा इतिहास मुलास शिकवावा ही कल्पनाच त्या काळीं कोणास सुचली नव्हती.

येथें ‘ख्रिस्ती शाळा’ या शब्दाविषयीं एक इशारा देणें जरूर आहे. कुंडलिकेच्या पैलतीरीं, कोर्लईस, कॅथलिक ख्रिस्ती लोकांची वस्ती आहे. त्यांचा धर्म प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांहून जुना, आणि त्यांचा पाठक्रमहि निराळ्या परंपरेंतला. पोर्तुगीज अमदानींत त्या परंपरेनें गोंव्यांत मराठी–कोंकणी ग्रंथ रोमन अक्षरांत छापले. फादर स्टीफन्स यांचें ख्रिस्तपुराण राशोल येथें १६१६ त, व त्यांची कोंकणी प्रश्नोत्तरावली १६२२ त निघाली. कोर्लईस मात्र पुस्तकापेक्षां पाठांतर टिकलें. १७४० त पोर्तुगीज गेले तरी त्यांच्या भाषेपासून झालेली मिश्र बोली त्या गांवांत राहिली, आणि ती आजहि बोलली जाते. ज्या भाषेस शाळा नाहीं, पुस्तक नाहीं, ती अडीचशेंहून अधिक वर्षें चुलीपाशीं जगली. पाठक्रमाच्या सामर्थ्याविषयीं मोठमोठे सिद्धांत बांधणारांनीं रेवदंड्याहून तर ओलांडून एकदां पलीकडे जाऊन यावें.

मिशनशाळांतील या दोन वांट्यांचा तह १८५४ सालीं दोन्ही बाजूंनीं मोडला. त्या सालीं कंपनी सरकारनें वुडचा खलिता काढिला, आणि खासगी शाळांस अनुदान देतांना त्यांतील केवळ लौकिक विषयांचीच तपासणी व्हावी, धर्मशिक्षणांत इन्स्पेक्टरानें लक्ष घालूं नये, असें ठरलें. त्याच सुमारास, १८५४–५५ त, बोस्टनहून रूफस अँडर्सन हे चिटणीस तपासणीस आले व अख्रिस्ती शिक्षकांच्या शाळांस आणि इंग्रजी शिक्षणास त्यांनीं कात्री लाविली. मंडळ्या स्थापणें हें मिशनचें काम, शाळा चालविणें हें दुय्यम, असें त्यांचें मत. सरकारला शाळेंत धर्म नको होता, मिशनला धर्मावांचून शाळा नको होती. एकाच पाटीवर वरच्या बाजूस पाढा व खालच्या बाजूस आज्ञा लिहिण्याचे दिवस तेथून सरत चालले. पुढें शंभर वर्षांच्या आंतच, १९५० च्या राज्यघटनेनें अठ्ठाविसाव्या कलमांत, सरकारी मदत घेणाऱ्या संस्थेंत पालकाच्या संमतीवांचून मुलास धर्मशिक्षण घेण्यास भाग पाडूं नये, असा दंडक घातला. रेवदंड्याच्या बापानें जें हजेरीच्या जोरावर मिळविलें होतें, तें आतां कायद्यानें मिळालें.

सारांश, आमचा निर्णय असा : चौल–रेवदंड्याच्या मिशनशाळांचा पाठक्रम हेतूनें एकांगी, पद्धतीनें जुना व साहित्यानें तोकडा होता, परंतु त्यानें सामान्य घरच्या मुलाच्या हातीं छापील मराठी पुस्तक प्रथम दिलें, आणि तें पुस्तक त्या मुलानें आपल्या प्रयोजनास लाविलें. दिव्याचें श्रेय देणारा पक्ष विद्यार्थ्याचें कर्तृत्व विसरतो. कारस्थानाचा आरोप करणारा पक्षहि तेंच विसरतो. दोघांच्याहि लेखीं मूल म्हणजे मातीचा गोळा. साधनें तसें सांगत नाहींत.

शेवटीं संग्राहकांस दोन शब्द. आपण सनदा, महजर, कैफियती व पोथ्या जिवापाड जपतों. पण मुलाच्या हातांत मळलेलें पुस्तक व मास्तराचा कित्ता यांस रद्दी समजतों. ज्या पुस्तकाचा वापर अधिक, तें लौकर नाहींसें होतें. खुद्द ख्रिस्तपुराण तीन वेळां छापलें गेलें असतांहि, १९०७ ची मंगळूरची आवृत्ति हस्तलिखितांवरून सिद्ध करावी लागली. शाळेच्या पुस्तकांची गति याहून बरी असण्याचें कारण नाहीं. १९४८ नंतर अष्टागरांतील बहुतेक बेने इस्राएल कुटुंबें इस्राएलास गेलीं. त्यांच्या माजघरांतील पेट्यांत, गहाणखतांच्या रुमालांतच, एखादें फाटकें पुस्तक, मोडी कित्ता, हिब्रू व बाळबोध अक्षरें एकाच पानावर गिरविलेली वही असावयाची. अशी वही मिशनच्या दहा अहवालांच्या तोडीची साक्ष होय, कारण ती तहनाम्याची दुसरी प्रत आहे. जुन्या घराची कवाडें उतरतांना वाचकांपैकीं कोणी हजर असतील, तर त्यांनीं सनदेबरोबर ती वहीहि उचलावी, तिच्यावरील गांवाचें व घराचें नांव टिपून ठेवावें, आणि मगच पेटी वाण्याकडे जाऊं द्यावी, एवढी आमची विनंति आहे.